थंडीत सायकलवर काय घालायचं: सोलापूरची पहाट आणि जर्मनीतला हिवाळा

तुझा प्रश्न थोडक्यात असा की पहाटे साडेपाचला सात रस्ता चौकातून निघतोस, विजापूर रोडला लागेपर्यंत दात वाजायला लागतात, म्हणून घरातलं जाड स्वेटर आणि त्यावर रेनकोटचं जॅकेट चढवतोस, तर अर्ध्या तासात आतून चिंब, आणि जॅकेट काढलं की परत हुडहुडी. मग नेमकं किती आणि काय घालायचं? आणि दुसरं, पुढच्या ऑक्टोबरपासून शिकायला जर्मनीला निघालायस, तिथं रोज कॉलेजला सायकलनंच जायचंय, तर आत्ता घेतलेले कपडे तिथं चालतील का. काका म्हणालास म्हणून सरळ अरेतुरे करतोय. मी सोलापूरचाच, मधली काही वर्षं नोकरीपायी जर्मनीत होतो, दोन्हीकडं रोज सायकल चालवलीय आणि अजूनही बीआरएमच्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या, लांब राइड करतो, तेव्हा दोन्हीकडचं सांगता येईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात बसव, बाकी सगळं त्यातूनच येतं. कपडे घराच्या दारात किती थंडी वाजते त्यावर ठरवायचे नाहीत, वीस मिनिटांनी अंग तापल्यावर काय होईल त्यावर ठरवायचे. दारात उभं राहिल्यावर जर मस्त उबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झालाय, तो काढून घरात ठेव. पहिली दहा मिनिटं जरा गार लागायलाच पाहिजे. आईला हे पटणार नाही, "तेवढं स्वेटर घाल की रे" म्हणणारच, तिला हो म्हण आणि बिनस्वेटरचा नीघ.

असं का, तर माणसाचं शरीर सायकल चालवताना जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यातला पाचवा ते चौथा हिस्साच पॅडलपर्यंत पोचतो, बाकीची सगळी उष्णता होऊन अंगातच निघते. म्हणजे तू निवांत १०० वॅट लावून चाललायस तर त्याच वेळी अंगात ३०० ते ४०० वॅट उष्णता तयार होतेय, आणि गादीवर झोपलेला माणूस जेमतेम ७०-८० वॅट काढतो. झोपताना जी चादर लागते तिचा हिशोब सायकलवर लावून चालत नाही तो यामुळं. पण उलट बाजूला वारा आहे. बाहेर पान हलत नसलं तरी तू ताशी २५ किलोमीटरच्या स्पीडनं चाललास की २५ चा वारा तुझ्या छातीवर येतोच. हवामानखात्यांच्या विंडचिलच्या, म्हणजे वाऱ्यामुळं थंडी किती जास्त लागते त्याच्या, सूत्रानं बघितलं तर १० डिग्रीला ताशी २५ किलोमीटरचा वारा असला की उघड्या कातडीला साधारण ७ डिग्रीसारखं लागतं, आणि शून्याला तेवढाच वारा असला की उणे ६ च्या आसपास. आता हा वारा समोरूनच येतो, पाठीमागून नाही, आणि उष्णता मात्र सगळ्या अंगातून निघते. सायकलच्या कपड्यांचं सगळं शास्त्र ह्या दोन वाक्यांत आहे: पुढून वारा अडवायचा, मागून घाम बाहेर जाऊ द्यायचा.

तुझ्या रेनकोटनं नेमकं उलटं केलं. त्यानं वारा अडवला पण घामाची वाफ पण कोंडली, ती आत थंड होऊन पाणी झाली, स्वेटरनं ते पाणी पिलं, आणि तू जॅकेटची चेन उघडल्याबरोबर ओल्या स्वेटरवर वारा लागला. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातली जवळजवळ अडीच किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, उन्हाळ्यात आपल्याला तेच पाहिजे असतं, पण जानेवारीच्या पहाटे तेच नको असतं. शिवाय पाणी हवेपेक्षा वीस-पंचवीस पट जास्त उष्णता वाहून नेतं. थंडीत सायकलवर माणूस गारठतो तो बहुतेक वेळा कपडे कमी पडले म्हणून नाही, ओला झाला म्हणून.

इथंच सुताचा विषय येतो, आणि सोलापूरच्या माणसाला तो मी काय सांगू. आपल्या गावचा टर्किश टॉवेल का चालतो? सूत पाणी पितं आणि धरून ठेवतं म्हणून. मग तोच गुण असलेली बनियन अंगाला चिकटून घालून घाम गाळत निघालास तर तू ओला टॉवेल गुंडाळून वाऱ्यात बसल्यासारखंच आहे. साध्या दमट हवेतसुद्धा सूत स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास ओल धरतं, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून अंगाला लागून असतो त्या कपड्यात सूत नको, एवढा एकच नियम मी कडक पाळतो, बाकी सगळ्यात सूट आहे. वरच्या कपड्याला, थांबल्यावर अंगावर घ्यायला, चहाच्या गाड्यावर गुंडाळायला सुती काहीही चालेल.

आता सोलापूरची थंडी म्हणजे नेमकी काय ते बघू, कारण लोक नेटवर युरोपातल्या माणसांचे सल्ले वाचतात आणि इथं थर्मल टाइट, म्हणजे पायभर उबदार तंग पँट, घालून होटगी रोडला घामाघूम होऊन बसतात. आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पहाटे बहुतेक दिवशी १४ ते १७, लाट आली तर १० च्या आसपास, आणि त्याच दिवशी दुपारी ३० ला टेकतं. म्हणजे एकाच राइडमध्ये दहा-पंधरा डिग्रीचा फरक. जर्मनीत जानेवारीत सकाळी २ असेल तर दुपारी ५ होईल, कपडा एकदा घातला की घातला. आपलं तसं नाही, इथं काढता येणारा आणि काढल्यावर खिशात बसणारा कपडा पाहिजे. तुझं जाड स्वेटर तिथंच नापास होतं, साडेआठला ते काढून ठेवणार कुठं, कमरेला बांधलंस तर बाही चाकात जायची भीती.

आणखी एक, लोकांना वाटतं की साडेपाचला निघालो म्हणजे आता ऊब वाढतच जाणार. नाही. रात्रभर जमीन थंड होत असते आणि ते सूर्य उगवेपर्यंत, किंबहुना त्याच्यानंतरही थोडा वेळ चालतं. जानेवारीत आपल्याकडं उजाडायला जवळजवळ सात होतात. म्हणजे तू निघतोस तेव्हापेक्षा साडेसहा-सातला जास्त गारठा असतो. त्यात गार हवा जड, ती खोलगट जागी साचते. गावातल्या डांबर-सिमेंटमधून बाहेर पडून ओढ्याच्या पुलावर उतरलास किंवा पाणी दिलेल्या उसाच्या, ज्वारीच्या रानाजवळून गेलास की एकदम गार पट्टा लागतो, पुढं चढ आला की जातो. तुळजापूर रोडला हिप्परग्याच्या तलावापाशी हे हमखास कळतं. तेव्हा घरापाशी मोबाइलमध्ये १६ दाखवत असेल तर रस्त्यावर १३ धरून चाल.

तर सोलापुरात घालायचं काय? अंगाला लागून पातळ, घट्ट बसणारा, पॉलिस्टरचा बेसलेअर, म्हणजे सगळ्यात आतला कपडा. घट्ट म्हणजे खरंच घट्ट, सैल असला तर कातडीवरचा घाम तो उचलतच नाही, कपडा एकीकडं आणि घाम एकीकडं. आपल्याकडं बिनबाह्यांचा किंवा हाफ बाह्यांचा जाळीदार पुरतो, फुल बाह्यांचा फक्त १२ च्या खाली. मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचा मिळाला तर उत्तमच, लोकर स्वतःच्या वजनाच्या तीसेक टक्क्यांपर्यंत ओल आत घेते तरी अंगाला गार लागत नाही आणि दोन-तीन दिवस घातला तरी वास मारत नाही, पण महाग पडतो आणि सोलापुरात दोन महिन्यांसाठी तेवढा खर्च मला पटत नाही. जर्मनीसाठी मात्र घे, त्याचं खाली सांगतो.

त्याच्यावर नेहमीची हाफ जर्सी. आणि आता दोन वस्तू, ज्यांच्यावर सोलापूरचा सगळा हिवाळा निघतो: आर्म वॉर्मर आणि बिनबाह्यांचं विंडचीटर, ज्याला सायकलवाले जिले म्हणतात. आर्म वॉर्मर म्हणजे नुसत्या सुट्या बाह्या, दंडापासून मनगटापर्यंत, जर्सीच्या बाहीखाली सरकवायच्या. याची गंमत अशी की थांबायला लागत नाही. हिप्परगा ओलांडला, उन्हं वर आली, की चालता चालताच एका हातानं दुसऱ्या हाताची बाही मनगटापर्यंत खाली ढकलायची, पाचेक मिनिटं बघायचं, गार वाटलं तर परत वर. अजून तापलं की पूर्ण काढून जर्सीच्या मागच्या खिशात, दोन्ही मिळून एका मुठीत मावतात.

जिलेचं काम छातीवरचा वारा अडवायचं, बस्स. पुढची बाजू वारा न जाणाऱ्या पातळ कापडाची आणि पाठ जाळीची असते, घ्यायला गेलास तर हीच खूण बघ, पाठ पण पुढच्यासारखीच बंद कापडाची असली तर घेऊ नको. चेन वरपर्यंत आणि खालून वर पण उघडणारी असेल तर फारच छान. चेन म्हणजे तुझा रेग्युलेटर आहे. निघताना गळ्यापर्यंत बंद, अंग तापायला लागलं, म्हणजे कपाळाला घाम यायच्या आधीच, चार बोटं खाली, चढ आला की अर्धी, उतार लागायच्या आधी परत बंद. उतार सुरू झाल्यावर बंद करायला गेलास तर तोवर गारठा आत शिरलेला असतो आणि एका हातानं चेन ओढताना खड्डा यायचा तो येतोच.

तुळजापूरची राइड घे म्हणजे हे नीट कळेल. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास, आणि चढाचा मोठा भाग शेवटच्या घाटात. म्हणजे पंचेचाळीसेक किलोमीटरला तू सगळ्यात जास्त घामेजलेला असतोस, मग देवीचं दर्शन, मग पोहे-चहा, यात अर्धा-पाऊण तास बसून अंग गार होतं, कपडे ओले ते ओलेच, आणि परतीला पहिल्याच फटक्यात घाटाचा उतार, चाळीसचा स्पीड, पॅडल मारायला नाही म्हणजे आतली भट्टी बंद. पहाटे न वाजलेली थंडी इथं आठ-साडेआठला वाजते. याला दोन उपाय. एक, चढ लागायच्या आधीच जिले काढून खिशात टाक, म्हणजे उतरताना घालायला कोरडं काहीतरी राहतं. दोन, तेही नसेल तर टपरीवरून जुना पेपर माग. चेष्टा नाही करत, टूर द फ्रान्समध्ये मोठमोठे रायडर घाटमाथ्यावर पेपर घेऊन जर्सीत कोंबायचे. एक अख्खं पान घे, आडवी एक घडी, उभी एक घडी, जर्सीची चेन उघडून बेसलेअर आणि जर्सीच्या मधे गळ्यापासून बेंबीपर्यंत सरळ बसव, चेन लाव. कागद वारा अडवतो आणि थोडी ओल पण पितो. भज्याचं तेल लागलेला नको. आणि पांढऱ्या बेसलेअरवर शाई उठते, ती परत जात नाही. खाली उतरलास की पेपर काढून डब्यात टाक, रस्त्यावर नको.

गुडघे. यावर माझं मत जरा कडक आहे, तरुण पोरं हसतात. पायाच्या मांडीला काम असतं, ती तापते, पण गुडघ्याच्या पुढं मांस नाही, नुसतं कातडं, वाटी आणि कंडरा, आणि वारा बरोबर तिथंच लागतो. १५ च्या खाली मी गुडघे झाकतोच. नी वॉर्मर मिळतात, आर्म वॉर्मरसारखेच काढता येतात. फुल टाइट सोलापुरात घेऊ नको, नऊ वाजता ती अंगावरच राहते आणि शिव्या खाते.

कानाला साधा पातळ बफ, म्हणजे नळीसारखा ताणणारा कपडा, पुरे, हेल्मेटखाली कपाळ आणि कान झाकेल असा, तापलं की गळ्यात उतरवायचा, खूप गार हवेनं खोकला येत असेल तर नाकावर ओढायचा. माकडटोपी हेल्मेटखाली घालू नको, जाडीमुळं हेल्मेट वर उचललं जातं, पट्टे ढिले करावे लागतात आणि पडलास तर ते जागेवर राहत नाही. डोक्यातून निम्मी उष्णता निघते असं जे सांगतात ते खरं नाही, डोकं अंगाच्या दहाव्या हिश्श्याएवढंच असतं आणि उष्णता पण साधारण त्याच मापात जाते. कान आणि कपाळ झोंबतं म्हणून झाकायचं, एवढंच.

सगळ्यात बाहेरच्या कपड्याबद्दल एक वेगळी गोष्ट, थंडीशी संबंध नाही पण सीझनशी आहे. आपल्याकडं ह्याच महिन्यांत गाळप हंगाम चालू असतो, पहाटेच्या अंधारात उसाच्या ट्रॉल्या, जुगाड, बैलगाड्या, कित्येकांना मागं लाल दिवा पण नसतो. तू सगळं काळं घालून निघालास, काळी जर्सी काळं विंडचीटर, दिसायला भारी, पण मागच्या गाडीला दिसत नाहीस. जिले घेतानाच पोपटी किंवा केशरी घे, नाहीतर वरून रिफ्लेक्टरचं जाकीट घाल. बीआरएमला रात्रीच्या वेळी ते सक्तीचंच असतं, आणि ते जाळीचं असल्यामुळं घामाला अडवत नाही. रिफ्लेक्टरवाली जर्सी आत आणि साधं विंडचीटर वर, असं करणारे पण बघितलेत, त्याला काय अर्थ आहे.

आता हात, आणि इथून हळूहळू जर्मनीकडं जाऊ, कारण सोलापुरात हात म्हणजे गैरसोय, तिकडं हात म्हणजे अख्खी राइड. अंगाला गारठा लागला की शरीर बोटांचं रक्त कमी करतं आणि ते छाती-पोटाकडं वळवतं, आतले अवयव आधी. म्हणून बोटं गार पडली की नुसते जाड हातमोजे घेऊन भागत नाही, बऱ्याचदा छाती नीट झाकली की बोटं आपोआप गरम होतात. उलट हातमोजे घट्ट असले तर रक्त अजून अडतं, त्यामुळं हातमोजा एक साइज मोठा चालेल, लहान नाही. सोलापुरात फुल बोटांचे पातळ हातमोजे पुरतात. ५ च्या खाली दोन पातळ जोड एकावर एक, आत लोकरीचा आणि बाहेर वारा न जाणारा, हे एका जाड जोडापेक्षा बरं, कारण ब्रेकचा लिव्हर आणि गिअर हाताला कळायला पाहिजे. अगदीच अडलं तर आत मेडिकलवाल्याकडचे निळे नायट्राइलचे हातमोजे, घाम येतो पण वारा शून्य, तासाभराला चालून जातं.

हे हलक्यात घेऊ नको. १९८० ची लिएज-बास्टोन-लिएज ही बेल्जियममधली रेस बर्फात झाली, १७४ जण निघाले आणि २१ च पोचले, बर्नार्ड हिनॉ नऊ मिनिटांच्या फरकानं जिंकला पण त्याच्या दोन बोटांची संवेदना कायमची गेली. उलट १९८८ च्या जिरोमध्ये, म्हणजे इटलीतल्या मोठ्या रेसमध्ये, गाव्हिया घाटात जूनमध्ये बर्फ पडलं, तेव्हा अँडी हॅम्पस्टन ह्या रायडरच्या टीमनं आधीच स्कीच्या दुकानांतून गरम कपडे गोळा करून ठेवलेले, त्याच्याकडं निओप्रीनचे, म्हणजे पाणबुड्यांच्या सूटच्या रबरी कापडाचे, हातमोजे होते, चढावर त्यानं ते काढले नाहीत, आणि त्याच दिवशी पहिल्या नंबरवाल्याची गुलाबी जर्सी त्याच्या अंगावर आली. बाकीचे कित्येक जण गारठून गेले होते.

तर जर्मनी. तिथली थंडी आणि आपली थंडी यात मोठा फरक ओलीचा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आभाळ भरलेलं, रस्ता ओला, तापमान शून्य ते पाच, आणि डिसेंबरात तर चार-साडेचारलाच सूर्य मावळतो. कोरडी उणे ५ परवडते, पण ३ डिग्री आणि भुरभुर पाऊस याच्याइतकं वाईट काही नाही. तिथं मधला थर लागतो जो आपल्याला इथं कधीच लागत नाही, पातळ फ्लीस किंवा आतून लव असलेली फुल बाह्यांची जर्सी. फ्लीसच्या लवेत हवा अडकते, आणि ऊब म्हणजे अडकलेली हवाच, कपडा स्वतः गरम नसतो. म्हणून एका जाड जॅकेटपेक्षा दोन पातळ थर जास्त ऊब देतात, मधे पण हवा राहते, आणि एक काढता येतो. त्याच्यावर वारा अडवणारं जॅकेट, पाठीला आणि काखेत हवा जाणारं.

वॉटरप्रूफचा मोह होईल. गोर-टेक्ससारखा पडदा पाण्याचा थेंब अडवतो आणि वाफ जाऊ देतो, हे खरंय, पण वाफ जायचा वेग ठरलेला असतो आणि तू जोरात पॅडल मारलंस की घाम त्याच्यापेक्षा जास्त निघतो, मग आतून ओला होतोसच. बाहेरचं कापड भिजून गच्च झालं की वाफ जायचं अजून मंद होतं. म्हणून वॉटरप्रूफ वेगळं, पातळ, बॅगेत ठेवायचं, पाऊस लागला की वरून घालायचं. रोज अंगावर विंडप्रूफ. आणि मडगार्ड लाव, जर्मनीत मडगार्डनं जेवढे पाय कोरडे राहतात तेवढे कुठल्या बुटानं राहत नाहीत.

कॉलेजला जायचं ते पंधरा-वीस मिनिटांचं अंतर असेल, तर त्याचा हिशोब वेगळा. त्यात अंग पूर्ण तापायच्या आत पोचतोस, त्यामुळं "वीस मिनिटांनंतरचा" नियम तिथं ढिला कर, थोडं जास्त घाल आणि निवांत चालव. तिथं आजीबाई लोकरीचा कोट आणि मफलर घालून उणे दोनला बाजार करून येतात, लायक्राचे तंग कपडे नाहीत काही नाही, कारण त्या दहाच्या स्पीडनं जातात, घामच येत नाही. तुलाही तेच करता येईल, रोजचे कपडे, वर एक वारा अडवणारं, चांगले हातमोजे, कानावर पट्टी. शनिवार-रविवारच्या लांब राइडला मात्र सगळे थर लागतील.

पायाचं राहिलं. सायकलचे बूट उन्हाळ्यासाठी जाळीचे असतात, वारा सरळ बोटांत जातो. दोन-दोन मोजे घालून बूट घट्ट करायची चूक सगळे करतात, पाय दाबला की रक्त अडतं आणि बोटं अजून गार. एक लोकरीचा मोजा आणि बुटावरून ओव्हरशू, म्हणजे बुटाचं कव्हर. सोलापुरात एखाद्या दिवशी बोटं फारच गारठली तर मोजा आणि बुटाच्या मधे बोटांवर दुधाची रिकामी पिशवी, धुतलेली, चढव, काम होतं.

लांब राइडला एक लक्षण ओळखून ठेव, स्वतःचं आणि सोबतच्याचं. नुसतं कुडकुडणं चालतं, शरीर ऊब करायचा प्रयत्न करतंय. पण बोलताना जीभ जड व्हायला लागली, खिशाची चेन उघडता येईना, साधी गोष्ट दोनदा विचारायला लागला, आणि त्यात कुडकुडणं थांबलं, तर ते बरं वाटतंय म्हणून नाही, शरीराचं तापमान ३५ च्या खाली गेलेलं असू शकतं, हा हायपोथर्मिया. राइड तिथंच बंद, ओले कपडे काढ, कोरडं काहीतरी गुंडाळ, गोड गरम प्यायला दे, आणि नीट शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालू नको, सरळ अँब्युलन्स. सोलापुरात ही वेळ यायची नाही, पण जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात पावसात भिजून उतार उतरताना ५-६ डिग्रीला पण येते. आणि शून्याखाली कपड्यांपेक्षा रस्त्यावरचा काचेसारखा बर्फ जास्त धोक्याचा, तो दिसतच नाही, अशा दिवशी ट्राम पकड.

कपड्यांची निगा फार अवघड नाही. धुताना कम्फर्टसारखं सॉफ्टनर घालू नको, ते धाग्यावर थर धरतं आणि घाम उचलायचं काम बंद पडतं. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात आपण बेसलेअर तसाच गोळा करून ठेवतो आणि मग वास मुरतो, त्यापेक्षा आल्या आल्या तांब्याभर पाण्यात पिळून वाळत घाल, साबण नंतर बघू. सोलापूरचं ऊन आहे, तासात वाळतो.

खरेदी कुठल्या क्रमानं करायची ते विचारलं नाहीस पण सांगतो, कारण लोक आधी महागडं जॅकेट घेतात. आधी बेसलेअर, दोन, स्वस्तातले. मग आर्म वॉर्मर. मग जिले. मग फुल बोटांचे हातमोजे. एवढ्यात सोलापूर झालं, आणि ह्यातलं सगळंच्या सगळं जर्मनीला पण लागतं, काही वाया जात नाही. मेरिनोचा बेसलेअर, फ्लीस, विंडप्रूफ जॅकेट, ओव्हरशू हे तिथं जाऊनच घे, इथून ओझं नेऊ नको, तिथं फेब्रुवारीत हिवाळी माल सेलला निघतो आणि मापाचा मिळतो. जिले आणि जॅकेट घालून बघताना आरशासमोर सरळ उभं राहू नको, सायकलवर वाकतोस तसं वाक, हात पुढं कर, मनगट उघडं पडतंय का आणि कंबर मागून उघडी पडतेय का बघ. उभ्यानं जरा पुढून आखूड आणि मागून लांब वाटलं तर माप बरोबर आहे.